गाडीची पूर्ण किंमत आधी एका कागदावर मागावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवी गाडी घेताना विक्रेत्याशी घासाघीस कशी करावी, याविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला सल्ला वाचला. गाडी आवडल्याचे चेहऱ्यावर दिसू देऊ नये, महिनाअखेर गाठावी, पहिला आकडा आपण सांगू नये आणि जमत नसेल तर सरळ उठून चालू लागावे, असे त्याचे सार होते. त्यात चुकीचे असे फारसे काही नाही. मात्र माझ्या नोकरीचा मोठा काळ एका वाहन विक्रेत्याच्या पेढीत, हिशेबाच्या टेबलावर गेला, आणि तिथून दिसणारे चित्र या सल्ल्यातल्या चित्रापेक्षा बरेच वेगळे होते, म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबले आहे. सोयीप्रमाणे कात्री लावावी, हिशेबाचे आकडे मात्र शक्यतो राहू द्यावेत.

मी पाहिलेले बहुतेक ग्राहक बोलायला चांगले खमके होते. कित्येक जण तावातावाने भांडत, दोनदा उठून दारापर्यंत जात, आणि शेवटी सूट पदरात पाडून घेतल्याच्या समाधानात बुकिंगची पावती खिशात घालत. त्यांची फाइल संध्याकाळी माझ्याकडे आली की असे दिसे की, किमतीत जे सोडले होते ते विम्यात, कर्जाच्या व्याजात आणि जुन्या गाडीच्या मोलात जमा होऊन परत आलेले आहे, आणि वर थोडे शिल्लकही आहे. ग्राहक एका आकड्यावर भांडत होता आणि पेढीची कमाई भलत्याच आकड्यांत चालू होती. ग्राहकाची जीभ कितीही तिखट असली, तरी भांडणाचा आकडा कोणता हे समोरचा ठरवत असेल, तर त्या तिखटपणाचा उपयोग नाही. तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की, गाडी दारात उभी राहीपर्यंत खिशातून जाणारी सगळी रक्कम एका कागदावर, बाबवार, सहीशिक्क्यासह मिळाल्याशिवाय सुटीविषयी एक शब्दही बोलू नये.

आधी विक्रेत्याची बाजू सांगतो, कारण वाजवी किंमत दोघांनाही परवडावी लागते. कंपनी विक्रेत्याला ज्या भावाने गाडी देते आणि जी किरकोळ किंमत सुचवते, त्या दोहोंतले अंतर लोकांना वाटते तेवढे मोठे नसते. लहान गाड्यांत तर ते फारच थोडे असते. जागेचे भाडे, पगार, चाचणीसाठी ठेवलेल्या गाड्या आणि स्टॉकवरचे व्याज त्यातूनच भागवायचे असते. मात्र कंपनीच्या बिलावरचा आकडा म्हणजे विक्रेत्याचा शेवटचा खर्च असेही नाही. अमेरिकेत बिलाच्या रकमेतला काही भाग, साधारण दोन ते तीन टक्के, कंपनी स्वतःकडे राखून ठेवते आणि ठरावीक काळाने विक्रेत्याला परत करते. त्याशिवाय विक्रीच्या लक्ष्यावर बोनस असतो, एखादे मॉडेल अंगावर पडले असेल तर ते खपवण्यासाठी वेगळी मदत असते. त्यामुळे ‘हे पाहा आमचे खरेदीचे बिल, याखाली आम्ही जाऊ शकत नाही’ असे म्हणून जो कागद पुढे सरकवला जातो तो खोटा नसतो; तो अपुरा असतो.

या मदतीच्या रकमेचे पुढे काय होते, याचा एक उत्तम अभ्यास झालेला आहे. २००६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात तीन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कंपनीने जाहिरात करून थेट ग्राहकासाठी सूट दिली, तर तिच्यातला ७० ते ९० टक्के लाभ ग्राहकाच्या हाती पडतो. तीच रक्कम विक्रेत्यामार्फत, गाजावाजा न करता दिली, तर ग्राहकाला ३० ते ४० टक्केच मिळतात. रक्कम कोणाच्याही हाती दिली तरी सौद्यात ती सारखीच वाटली जावी, असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात फरक पडतो, कारण एका बाबतीत ग्राहकाला सूट आहे हे ठाऊक असते आणि दुसऱ्या बाबतीत नसते. म्हणून ‘आणखी किती कमी कराल?’ या प्रश्नापेक्षा ‘या मॉडेलवर या महिन्यात कंपनीकडून तुम्हाला काय मिळते आहे?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. उत्तर पूर्ण मिळणार नाही. पण आपल्याला विचारता येते, हे समोरच्याला कळते, आणि त्याचा परिणाम पुढच्या आकड्यावर दिसतो.

महिनाअखेर गाठण्याचा सल्ला अर्धवट आहे, तोही जरा उलगडून सांगायला हवा. समजा, पेढीला महिन्यात १०० गाड्यांचे लक्ष्य आहे आणि ते गाठले तर शंभरही गाड्यांवर बोनस मिळणार आहे. अशा वेळी शेवटच्या दोन-तीन गाड्या तोट्यात विकणेही परवडते, कारण त्या गाड्यांमुळे आधीच्या सगळ्या गाड्यांचा बोनस पदरात पडतो. परंतु लक्ष्य विसाव्या दिवशीच पुरे झाले असेल, किंवा इतके दूर असेल की नाद सोडून दिलेला असेल, तर महिन्याच्या तिसाव्या तारखेला काहीही विशेष नसते. उलट चांगली विक्री पुढच्या महिन्यात ढकलण्याकडेच कल असतो. बाहेरून हे कळत नाही. दोन-तीन पेढ्यांकडून लेखी भाव मागवले की मात्र आपोआप कळते, कारण ज्याला गरज असते त्याचा कागद वेगळा दिसतो.

गाडीचे वयही असेच महत्त्वाचे आहे, आणि ते फारसे कोणी विचारत नाही. विक्रेत्याच्या आवारात उभी असलेली गाडी बहुधा कर्जाऊ पैशावर उभी असते. वार्षिक १२ टक्के व्याज धरले तर दर शंभरामागे महिन्याला एक, म्हणजे चार महिने पडून राहिलेल्या गाडीने आपल्या किमतीचे जवळपास चार टक्के खाल्लेले असतात. ती विकून टाकण्याची विक्रेत्याची निकड आणि आजच आलेल्या गाडीबाबतची निकड सारखी नसते. दुसरीकडे, मधे वर्ष उलटले असेल तर ग्राहकाला ती गाडी पुढे विकायची असेल तेव्हा निर्मितीचे वर्ष एकाने मागे धरले जाते, शिवाय बॅटरी आणि टायर तेवढे दिवस उभे राहून जुने झालेले असतात. म्हणजे ती गाडी स्वस्त मिळायलाच हवी. चासी क्रमांकावरून निर्मितीचे वर्ष, आणि कित्येक कंपन्यांच्या बाबतीत महिनाही, काढता येतो. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आपल्याला मिळणाऱ्या गाडीचा चासी क्रमांक लेखी मागावा. हा क्रमांक द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडे बहुधा सांगण्यासारखी गाडी नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विक्री प्रतिनिधींच्या प्रशिक्षणात एक जुना कागद प्रसिद्ध आहे. कोऱ्या पानावर उभी-आडवी रेघ मारून चार चौकटी करायच्या: एकीत गाडीची किंमत, दुसरीत जुन्या गाडीचे मोल, तिसरीत आगाऊ भरायची रक्कम आणि चौथीत मासिक हप्ता. ग्राहकाने एका चौकटीवर बोट ठेवले की तिथला आकडा खोडून त्याच्या मनासारखा लिहायचा आणि शेजारच्या चौकटीत हळूच भरपाई करायची. असे पाच-सहा वेळा झाले की पान खाडाखोडीने इतके भरते की कोणता आकडा कधी बदलला, हे लिहिणाऱ्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. त्या पानावर शेवटी एकाच आकड्याभोवती ठळक गोल केलेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमीच हप्त्याचा असतो. ‘साहेब, महिन्याला किती जमेल तेवढे सांगा, बाकी आम्ही बसवतो’ हे वाक्य ऐकू आले की समजावे की सौदा या कागदावर आलेला आहे. आता कागदाची जागा पडद्याने घेतली आहे, चौकटी त्याच आहेत.

हप्ता हा आकडा इतका सोयीचा का, हे हिशेबानेच दाखवतो. वार्षिक ९ टक्के दराने, घटत्या शिल्लकेवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज धरून), पाच वर्षांसाठी कर्ज घेतले तर दर शंभरामागे मासिक हप्ता सुमारे २.०८ येतो आणि एकूण फेड सुमारे १२४.५५ होते. तेच कर्ज सात वर्षांचे केले तर हप्ता १.६१ वर उतरतो, पण फेड १३५.१५ होते. हप्ता पाचाला एकापेक्षाही अधिक प्रमाणात कमी झाला, म्हणून ग्राहक खूश. व्याज मात्र २४.५५ वरून ३५.१५ वर गेले. गाडीच्या किमतीत तीन-चार टक्के सुटीसाठी तासभर भांडलेला माणूस मुदतीच्या या एका बदलाने त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम एका सहीत देऊन मोकळा होतो.

व्याजदराचे नावही तपासून घ्यावे लागते. ‘फक्त ५ टक्के’ असे सांगितलेला दर पुष्कळदा फ्लॅट असतो, म्हणजे कर्जाची फेड होत असतानाही व्याज मूळ संपूर्ण रकमेवरच धरलेले असते. पाच वर्षांसाठी ५ टक्के फ्लॅट म्हणजे शंभरावर २५ व्याज, एकूण १२५. हाच हिशेब घटत्या शिल्लकेने केला तर दर ९ टक्क्यांच्या थोडा वरच निघतो. म्हणजे वर सांगितलेल्या ९ टक्क्यांच्या कर्जापेक्षा हे ५ टक्क्यांचे कर्ज किंचित महागच आहे. शून्य टक्के व्याजाच्या योजनेतही बहुधा एक अट दडलेली असते: ती घेतली की रोख सूट मिळत नाही. अशा वेळी न मिळालेली सूट हेच त्या कर्जाचे व्याज आहे असे समजून दोन्ही बाजूंची बेरीज करावी. पेढीमार्फत मिळणाऱ्या कर्जावर वित्तसंस्था पेढीला मोबदला देते, आणि काही देशांत तर दर वाढवून त्यातला वाटा घेण्याची मुभाही पेढीला असते. हे गैर आहे असे मी म्हणत नाही, सेवा दिली तर मोबदला घेणारच. पण शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या बँकेकडून एक लेखी दर आणलेला असला, तर पेढीचा दर आपोआप त्याच्या आसपास येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

जुन्या गाडीच्या बाबतीत ग्राहकाचे मन सर्वांत हळवे असते, आणि विक्रेत्याला ते ठाऊक असते. जुन्या गाडीला बाजारभावापेक्षा चढा आकडा दिला की ग्राहक नव्या गाडीच्या किमतीवर फारसे ताणत नाही. खिशातून जाणारी रक्कम म्हणजे या दोन आकड्यांची वजाबाकी; तेव्हा दोन्ही आकडे सारखेच फुगवले तर कोणाचेच काही बिघडत नाही, फक्त एकाला आनंद होतो. यावर उपाय एकच आहे: जुन्या गाडीचा उल्लेख न करता आधी नव्या गाडीचा पूर्ण भाव कागदावर घ्यावा, आणि जुन्या गाडीचा भाव वेगळ्या दिवशी, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या दुसऱ्या एक-दोघांकडूनही काढावा. पेढीचा भाव थोडा कमी असला तरी कागदपत्रांची कटकट वाचते म्हणून तो स्वीकारणे शहाणपणाचे ठरू शकते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत तर जुनी गाडी तिथेच दिली की विक्रीकर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो, आणि तो फायदा हिशेबात धरावाच लागतो. पण हे जाणूनबुजून केलेले असावे.

उरलेल्या बाबी लहान दिसतात आणि बेरजेत मोठ्या होतात. हाताळणी शुल्क, कागदपत्रांचे शुल्क, रंगावरचा लेप, गालिचे, वाढीव वॉरंटी, ‘आवश्यक’ म्हणून जोडलेला साहित्याचा संच. यांतले सरकारी कोणते आणि पेढीचे कोणते, हे प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावे. कराचा दर आणि नोंदणीचे शुल्क एकाच ठिकाणच्या सगळ्या पेढ्यांत सारखेच असते, त्यात घासाघीस नाही. बाकी जवळपास प्रत्येक ओळ बोलण्याजोगी आहे आणि कित्येक ओळी तर खोडण्याजोग्या आहेत. विम्याचे तेच. पेढीने दिलेल्या विम्याचा भाव दुसरीकडच्या त्याच संरक्षणाच्या भावाशी ताडून पाहायला थोडा वेळ पुरतो, आणि फरक बघून पुष्कळांचे डोळे उघडतात.

‘मॅनेजरला विचारून येतो’ या नाट्याबद्दल फार लिहीत नाही. आतल्या खोलीत मी असे, त्यामुळे एवढेच सांगतो की, किमान आकडा सकाळीच ठरलेला असे आणि आत येणारा मुलगा पुष्कळदा फक्त पाणी पिऊन जाई.

घासाघीस हा निव्वळ दोन शहाण्या माणसांतला खेळ असता तर मी हे पत्र लिहिलेही नसते. पण भाव तोंडी आणि माणूस पाहून ठरतो, तेव्हा तो सर्वांसाठी सारखा राहत नाही. इयन एअर्स आणि पीटर सिगेलमन या संशोधकांनी शिकागो परिसरातील विक्रेत्यांकडे जोडीजोडीने खरेदीदार पाठवले. सर्वांना एकच संवाद, एकच डावपेच आणि सारखाच पेहराव दिलेला होता. अशा ३०० हून अधिक चाचण्यांचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या भावांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी होते. संवाद तोच असूनही असे घडले, म्हणजे ‘नीट बोलायला शिका’ हा सल्ला अशा ग्राहकाला अर्धाच उपयोगी आहे. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले की, अमेरिकेतील कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वंशाचे) ग्राहक समोरासमोरच्या सौद्यात सुमारे दोन टक्के जास्त देत होते, परंतु इंटरनेटवरून भाव मागवणाऱ्यांत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. कागद माणूस पाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडेही एकट्या आलेल्या स्त्रीला गाडीचा रंग आधी दाखवला जाई आणि किंमत नंतर, हे मी पाहिलेले आहे. त्यांतल्या एका शिक्षिकाबाईंनी शांतपणे वही काढून प्रत्येक ओळ उतरवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या प्रतिनिधीने दोन शुल्के स्वतःहून खोडली. बाई तोपर्यंत किमतीबद्दल एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

मग घासाघीसच नको, सर्वांना एकच ठरलेला भाव असावा, असे कोणी म्हणेल. त्याचेही प्रयोग झाले आहेत. जनरल मोटर्सने काढलेल्या सॅटर्न या ब्रँडच्या गाड्या १९९० पासून घासाघीस न करता, लावलेल्या किमतीलाच विकल्या गेल्या आणि ग्राहकांना ते आवडलेही; तो ब्रँड २०१० मध्ये बंद झाला, पण त्याची कारणे वेगळी होती. टेस्ला मधला विक्रेता न ठेवता स्वतःच्या भावाने गाड्या विकते. मर्सिडीज-बेंझने २०२१ मध्ये भारतात थेट विक्रीची पद्धत आणली, तिच्यात देशभर एकच भाव असतो आणि पेढ्या विक्रेत्याऐवजी मध्यस्थाचे काम करतात. यात शांतता आहे खरी. परंतु ठरलेला भाव म्हणजे वाजवी भाव असे गृहीत धरता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने चीनमध्ये किमती उतरवल्या, तेव्हा थोडेच दिवस आधी चढ्या भावाने गाडी घेतलेले ग्राहक शोरूममध्ये जमून निषेध करत होते. भाव सर्वांना एकच होता, फक्त त्या दिवसापुरता.

उलट, सूट देऊ पाहणाऱ्या विक्रेत्याला कंपनीनेच अडवल्याची उदाहरणेही आहेत. इटलीतील विक्रेत्यांनी जर्मन आणि ऑस्ट्रियन ग्राहकांना स्वस्तात गाड्या विकू नयेत म्हणून फोक्सवॅगनने दबाव आणला, असे ठरवून युरोपीय आयोगाने १९९८ मध्ये त्या कंपनीला १०.२ कोटी एक्यूचा (युरो येण्यापूर्वीच्या युरोपीय चलन-एककाचा) दंड केला. पुढे न्यायालयाने तो कमी केला, रद्द केला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला विक्रेत्यांच्या सुटीवर मर्यादा घातल्याच्या कारणावरून २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि कंपनीने त्या आदेशाला अपील न्यायाधिकरणात आव्हान दिले. जर्मनीत तर १९३३ पासून कायद्यानेच रोखीची सूट तीन टक्क्यांपर्यंत बांधून ठेवलेली होती, तो कायदा २००१ मध्ये रद्द झाला. या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे की, विक्रेत्यांमधली स्पर्धा आणि तिच्यातून येणारी घासाघीस ग्राहकाच्या हिताचीच आहे. अहिताचा आहे तो अंधार.

अंधार कमी करण्याचा सर्वांत जुना आणि साधा मार्ग म्हणजे गाडीच्या काचेवरची चिठ्ठी. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांच्या पुढाकाराने अमेरिकेत १९५८ मध्ये कायदा झाला, त्यानुसार प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत, कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक जादा साहित्याची किंमत आणि विक्रेत्यापर्यंतच्या वाहतुकीचा आकार छापावा लागतो, आणि गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत ती चिठ्ठी काढता येत नाही. त्या किमतीलाच विकण्याचे बंधन नाही, पण बोलणी कुठून सुरू होतात हे दोघांनाही दिसते. ऑस्ट्रेलियात त्याच्या पुढचे पाऊल आहे: किंमत जाहीर करताना, मोजता येण्याजोगे सर्व अनिवार्य कर व आकार धरून होणारी एकच एकूण रक्कम ठळकपणे दाखवावी लागते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानेही डिसेंबर २०२३ मध्ये विक्रेत्यांवर खरी किंमत सांगण्याचे बंधन घालणारा नियम जाहीर केला होता, मात्र विक्रेत्यांच्या संघटनांनी न्यायालय गाठले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो प्रक्रियेतील त्रुटीवरून रद्द झाला. विरोध कोणी केला, यातच उत्तर आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत ग्राहकाने स्वतःच हा कागद मागायला काय हरकत आहे? तीन पेढ्यांना एकच मजकूर पाठवावा: अमुक मॉडेल, अमुक प्रकार, अमुक रंग, त्याची किंमत, कर, नोंदणी, विमा आणि पेढीचे इतर सर्व आकार वेगवेगळ्या ओळींत, कंपनीची सूट आणि पेढीची सूट वेगवेगळी, कर्ज व जुनी गाडी न धरता भरायची एकूण रक्कम, चासी क्रमांक अथवा गाडी मिळण्याची तारीख, आणि हा भाव किती दिवस राहील ते. उत्तरे आली की त्यांतल्या सर्वांत कमी एकूण रकमेचा कागद घेऊन आपल्याला सोयीच्या, सेवेला चांगल्या वाटणाऱ्या पेढीत जावे आणि ‘हा आकडा तुम्हाला जमेल का?’ एवढेच विचारावे. पाच मिनिटांत हो किंवा नाही होते. कागद द्यायलाच जी पेढी नकार देते, तिने आपला वेळ वाचवला असे मानावे.

दोन ठिकाणी सावध राहायला हवे. एक, कोटेशनवर पेन्सिलने लिहिलेली ‘विशेष सूट’ बुकिंगच्या छापील अर्जात उतरलेली असतेच असे नाही; सही करण्यापूर्वी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीने वाचावेत. दुसरे, बुकिंगच्या अर्जात ‘गाडी ताब्यात देण्याच्या दिवशीची किंमत लागू राहील’ असे कलम असते. गाडी लगेच मिळणार असेल तर त्याने फरक पडत नाही, पण प्रतीक्षा लांबणार असेल तर आज मिळवलेल्या सुटीला अर्थ उरत नाही, म्हणून पेढीची सूट कायम राहील असे त्याच अर्जावर लिहून घ्यावे आणि आगाऊ रक्कम परत मिळण्याची अटही तिथेच नोंदवावी.

गाड्यांचाच तुटवडा असेल तेव्हा यातले पुष्कळसे लागू पडत नाही, हेही मान्य करतो. २०२१ आणि २०२२ मध्ये सेमीकंडक्टरच्या टंचाईने उत्पादन अडले, तेव्हा अमेरिकेत विक्रेते काचेवरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त रक्कम उघडपणे मागत होते आणि लोक ती देत होते. अशा काळात थांबणे शक्य असेल तर थांबावे, नसेल तर किमान कर्ज आणि विमा तरी बाहेरून घ्यावा. त्या दोन बाबींत तुटवडा नसतो.

संपादक महोदय, शेवटी एक विनंती आपल्या दैनिकाकडेच आहे. वाहनांच्या जाहिरातींत ‘अमुकपासून सुरू’ हा आकडा तळहाताएवढ्या टाइपात आणि अटी मुंगीएवढ्या टाइपात छापल्या जातात. सर्वांत स्वस्त प्रकाराची, सूट धरलेली आणि कर न धरलेली ती किंमत वाचकाला प्रत्यक्षात देऊन चालत नाही. जाहिरात स्वीकारताना, दाखवलेल्या चित्रातल्या प्रकाराची पूर्ण किंमत आणि हप्ता दिला असेल तर त्याची मुदत, दर व एकूण फेड त्याच आकाराच्या टाइपात छापावी, अशी अट आपल्या जाहिरात विभागाने घालावी. काही जाहिराती हातच्या जातील, याची मला कल्पना आहे. तरीही ज्या दैनिकाच्या पुरवणीत घासाघीस करण्याचा सल्ला छापला जातो, त्याच दैनिकाच्या पहिल्या पानावर पूर्ण किंमत छापलेली पाहायला मला आवडेल. आणि या विनंतीवर जाहिरात विभागाचे काय म्हणणे पडते, ते आपण याच सदरात कळवावे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस